छत्रीतला उजेड

शरदिनीला बनारसमधली कितीतरी माणसं उलटी माहीत होती. पांढऱ्या बुबुळांची, काळ्या दातांची, आणि म्हातारी असतील तर डांबरासारख्या काळ्या केसांची. मंगला गौरीच्या देवळामागच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून तिनं इतकी वर्षं निगेटिव्हवर काम केलं होतं, की माणसाचा सुलटा चेहरा समोर आला तर तिला क्षणभर तोच खोटा वाटायचा.

खिडकीशी तिचं डेस्क असे. उतरती लाकडी चौकट, मधोमध घासलेली काच, आणि काचेखाली आरसा. नदीवरचं आभाळ आरशात उतरायचं, तिथून उजेड काचेवर यायचा, आणि काचेवर ठेवलेला चेहरा आतून पेटल्यासारखा दिसायचा. दुपारी घरातलं आवरलं, की पॉलिश कागदावर घासून सुईसारख्या केलेल्या पेन्सिली घेऊन ती बसे. सुरकुती म्हणजे निगेटिव्हवर केसाएवढी पारदर्शक रेघ. तिच्यात पेन्सिलीचं टोक अलगद फिरवलं, की छापलेल्या फोटोत ती सुरकुती विरघळून जायची. देवीचे व्रण, डोळ्यांखालचे खड्डे, मुलगी दाखवायच्या फोटोतला गालावरचा फोड, सगळं असंच जायचं. मग संध्याकाळी घाटावर एखादी बाई समोरून येई, आणि शरदिनीच्या मनात येई, हिची हनुवटी मी मऊ केलेली आहे. ती बाई मात्र ओळख नसल्यासारखी पुढं निघून जायची, आणि ते बरोबरच होतं.

एक काम मात्र तिला नकोसं वाटे. घरात कुणी बाई गेली की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असायचा, आणि बाईचा एकटीचा फोटो घरात सापडायचा नाही. मग कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करायचा. चेहऱ्याला शेजारणीचा कान चिकटून यायचा, कुणाचा खांदा यायचा. शरदिनी तो कान मिटवत बसे. मिटवता मिटवता तिला वाटायचं, हा कान जिचा ती बाई अजून जिवंत आहे, आणि तिचाही एकटीचा फोटो कुठं नसणार.

हे काम तिला ढुंढिराजमामांनी लावून दिलं होतं. ते तिच्या आईचे मावसभाऊ. गोदौलियाला त्यांचा प्रतिमा स्टुडिओ होता. खाली काउंटर, वर लाकडी जिन्यानं गेलं की फोटो काढायची खोली. शरदिनीचं नवीन लग्न झालेलं असताना तिची रांगोळी बघून मामा म्हणाले होते, "हिचा हात निगेटिव्हचा आहे." तेव्हापासून स्टुडिओतून पाकिटं यायची आणि पाकिटं परत जायची. ती स्वतः कॅमेऱ्यामागे कधी उभी राहिली नाही. तसं तिच्या मनातही आलं नाही.

मग गोदौलियाच्याच चौकात रंगीत लॅब आली. यंत्रात एकीकडून रोल घातला की दुसरीकडून फोटो पडायचे, चकचकीत, सगळ्यांच्या सुरकुत्यांसकट. पाकिटं कमी होत गेली आणि एका दिवाळीनंतर यायचीच थांबली. शरदिनी दुपारी सवयीनं डेस्कशी जाऊन बसे. काचेवर काही नसे. नुसतं आभाळ.

पंच्याण्णव सालच्या थंडीत मामांनी तिला बोलावणं पाठवलं.

"शरू, माघी पौर्णिमेला मी इंदूरच्या गाडीत बसणार. पोराकडे. आता बस झालं इथलं," मामा म्हणाले. मफलरमधून त्यांचं नाक तेवढं दिसत होतं. "कॅमेरा तुझा. तो मी आणखी कुणाला देणार नाही."

"मी काय करू कॅमेऱ्याचं?"

"इतके दिवस दुसऱ्यांनी बिघडवलेले चेहरे दुरुस्त केलेस. आता स्वतः बिघडव थोडे." ते हसले. मग गंभीर झाले. "पण उजेड लागेल तुला. तो मी एकच देऊ शकतो. बाकी सगळं सामान शेजारच्या साडीवाल्याला बोलून बसलोय, त्याचा भाचा तिकडं विद्यापीठाजवळ लंका मोहल्ल्यात दुकान काढतोय. पहिली निवड तुझी. ये, वर ये."

वरच्या खोलीत त्यांनी दोन्ही गोष्टी मांडून ठेवल्या होत्या. स्टुलावर फ्लॅशगन, साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन दिवे, लोखंडी स्टँडवर उंच उभे, प्रत्येकाला पांढरी छत्री लावलेली. मागच्या पडद्यावर तळं रंगवलेलं होतं, तळ्यात दोन हंस, आणि एका हंसाची चोच पोपडा उडून गेलेली.

"हा बघ, पिशवीत बसतो," मामा फ्लॅश हातात घेऊन म्हणाले. "सेल घातले की तयार. बिजली असो नसो. गल्लीत, नावेवर, मांडवात, कुठंही ने. पण उजेड कसा पडणार ते तुला आधी दिसत नाही. डोळा मिटायच्या आत येतो आणि जातो. काय झालं ते फोटो धुऊन आल्यावर कळतं." मग त्यांनी दिव्यांचं बटण दाबलं. खोली हळूच पिवळट उबेनं भरली. "हे तसे नाहीत. लावलेस की समोर दिसतंच, सावली कुठं आहे, नाकाची किती, गळ्याची किती. नाही आवडली तर सरकव. रंगीत रोल घातलास तर हळद ओतल्यासारखे फोटो येतील, त्याला निळी काच लावायची, ती देतो. पण ह्यांना खोली हवी, बिजली हवी, आणि माणूस उठून तुझ्याकडे यायला हवा."

"तुम्ही शिकत असतात तर काय घेतलं असतंत?"

"मी शिकत असताना दोन्ही नव्हतं. छपरातली काच होती आणि सूर्य होता, आणि तोही सुट्टीवर." मामांनी बटण बंद केलं. "तू पोटाचं बघ. लग्नं, मुंजी, बारशी. फ्लॅश ने. आज घेऊन जा, वापरून बघ. पौर्णिमेच्या आधी काय ते सांग."

घरी काशीनाथनं सगळं ऐकून घेतलं. तिचा नवरा संस्कृत शाळेत शिकवायचा आणि कुठल्याही गोष्टीवर आधी थट्टा करून मग विचार करायचा.

"दिवे आणलेस तर आपण झोपायचं कुठं? छत्रीखाली?"

"पुढची खोली रिकामीच असते दिवसभर."

"असते. पण तिथं येणार कोण, सांग. रामघाटावरच्या बायका चार घरं ओलांडून हळदीकुंकवाला येतात, त्याही सासूला विचारून. फोटोला येतील?" मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "मी नको म्हणत नाही गं. पण आलेला दिवा वापरलाच नाही तर माळ्यावर जाईल. आणि तू माळ्याकडं बघत बसशील. ते मला बघवणार नाही."

भीती तिलाही तीच होती. चुकीची वस्तू घरी आली, तर ती माळ्यावर जाणार आणि तिच्यामागून चेहरेही जाणार. पुन्हा कुणाचा चेहरा तिच्या हाताखाली येणार नव्हता. त्या दिवसांत तिला एक स्वप्न पडे. घाटाच्या पायऱ्या काळ्या आभाळाखाली पांढऱ्याशुभ्र पडलेल्या असायच्या, आणि त्यांवरून माणसं उतरून पाण्यात जायची. त्यांना चेहरे असायचे, पण ती जवळ जाईपर्यंत काचेसारखे रिकामे होऊन गेलेले असायचे.

वसंतपंचमीला रामघाटावर सुश्रुतची मुंज होती. सुश्रुतची आई मालविका इंदूरहून लग्न होऊन आलेली, हसरी, घरात सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी जेवणारी. तिच्या सासूबाई, प्रभावतीकाकू, शरदिनीच्या सासरच्या जुन्या ओळखीतल्या. "तू फोटो काढणार? बघू बाई, काढ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

सकाळी धुकं इतकं होतं, की गल्लीतून चालताना समोरच्या माणसाची आधी शाल दिसायची आणि मग माणूस. घरात मात्र गर्दी, धूर, ओल्या केसांचा आणि साजूक तुपाचा वास. शरदिनीनं फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला. आतून डासासारखी बारीक शीळ आली आणि मागे लाल ठिपका लागला. तिनं बटण दाबलं. अख्खं माजघर क्षणभर पांढरं होऊन परत आपल्या जागेवर आलं.

"ऐ काकू, फिर से! फिर से!" पोरं ओरडली.

"अहो बाई," मंत्र म्हणणारे गुरुजी डोळे चोळत म्हणाले, "अजून दोनदा केलंत तर मी ह्याची मुंज सोडून लग्न लावून देईन."

सगळे हसले. शरदिनीही हसली. तिला कळेना, आपल्याला काय होतंय ते. ती पदर खोचून घोळक्यात शिरत होती, पुरुषांच्या बाजूला जात होती, उंबऱ्यावर चढत होती, आणि लोक तिला वाट करून देत होते. लाल ठिपका लागायची वाट बघायची, दाबायचं, पुन्हा वाट बघायची. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच उजेडाच्या ह्या बाजूला उभी होती. दिव्यांचा विचार तिच्या मनातून पार गेला. फ्लॅशच न्यायचा, तिनं ठरवून टाकलं.

मग चौकात मातृभोजन झालं. पाटावर मालविका बसली, नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, तिच्याशेजारी सुश्रुत. समोर एकच पान. आईबरोबर एका पानात मुलानं जेवायचं हे शेवटचं. मुंज लागली की तो ह्या पानाशी पुन्हा बसणार नव्हता. मालविका घास करून त्याच्या तोंडाकडं नेत होती आणि सुश्रुत मान हलवत होता, खिदळत होता, मित्रांना खुणा करत होता.

शरदिनीच्या हाताला जुनी खोड होती. हललेला चेहरा पेन्सिलीला सापडत नाही, हे तिच्या बोटांत मुरलेलं. पोरगं हलतंय, फोटो हलणार. तिनं कॅमेऱ्यावरची चकती एक घर पुढं सरकवली, म्हणजे आतला पडदा लवकर मिटेल. मामांनी बजावलं होतं, फ्लॅश असताना ती चकती साठच्या आकड्यावरून हलवायची नाही. त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो घास होता. जेवण आटोपल्यावर तिला मामांचे शब्द आठवले, आणि तिनं चकती परत जागेवर आणली. तेवढ्यानं काय होतंय, असं तिला वाटलं.

काय झालं ते लॅबमधल्या फोटोंत दिसलं. मुंजीचे सगळे फोटो ठीक होते. गोट्यावरून उजेड घसरलेला सुश्रुत, डोळे मिटलेले गुरुजी. मातृभोजनाचा मात्र प्रत्येक फोटो अर्धा काळा होता. फ्लॅश पेटला तेव्हा कॅमेऱ्यातला पडदा अर्धा मिटून गेला होता, आणि मालविका पडद्यामागे राहिली होती. एका बाजूला सुश्रुत, दात काढून हसणारा, लख्ख. दुसऱ्या बाजूला काळोख, आणि काळोखातून त्याच्या तोंडाशी येणारं काहीतरी.

ती फोटो घेऊन थेट रामघाटावर गेली. लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"माझी चूक झाली," तिनं सांगितलं. "ह्यात मालविका आलेली नाही."

प्रभावतीकाकूंनी चष्मा पुसून फोटो खिडकीकडं धरला. "जेवणाच्या वेळी बिजली गेली होती का?"

"बिजली नाही, काकू. माझाच हात चुकला."

"मग पुन्हा बसवू की दोघांना," सुश्रुतचे वडील म्हणाले. "पाट मांडू, पान वाढू, पाच मिनिटांचं काम."

"काय बोलतोस!" काकू त्यांच्यावर कडाडल्या. "जेवण काय नाटक आहे? झालं ते झालं. आता तो तिच्या पानात जेवेल काय?" मग शरदिनीकडं वळून त्या म्हणाल्या, "गुरुजींच्या गळ्यातल्या माळेचे मणी मोजता येतील असे फोटो काढलेस, आणि आई तेवढी गाळलीस. छान!"

मालविकानं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. आणि हसली. "घरातलं सगळं आलंय बघा. अगदी पाण्याचा हंडासुद्धा."

शरदिनीला ते हसू काकूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ती निघाली तशी मालविका तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिथं थांबून, इकडंतिकडं बघून म्हणाली, "वहिनी, माझा एकटीचा फोटो माहेरी काढलेला. स्थळांना पाठवायचा. मान तिरकी करून बसवलं होतं मला, नाक लहान दिसावं म्हणून. त्यानंतर एकटीचा नाही कधी."

शरदिनीनं तिच्या नाकाकडं नीट बघितलं.

"मुंजीत आलेल्या भांड्यांवर नावं घालायची आहेत. उद्या दुपारी गोदौलियाला जाणार आहे मी," मालविका म्हणाली. "तिथंच आहे ना तो स्टुडिओ?"

दुसऱ्या दिवशी भांड्यांची पिशवी नावं घालणाऱ्याकडं टाकून ती स्टुडिओचा लाकडी जिना चढून आली. मामांनी तिला बघितलं, शरदिनीला बघितलं, आणि काही न विचारता खाली निघून गेले.

शरदिनीनं तिला हंसांच्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. फ्लॅश पिशवीतच होता. तो बाहेर काढायला तिचा हात गेला आणि थांबला. पुन्हा अंधारात दाबायचं आणि उद्या कळायचं, हे आज तिला नको होतं. तिनं दिवे लावले.

छत्रीतून उजेड आधी भिंतीवर आला, मग मालविकाच्या खांद्यावर, मग तिनं स्टँड सरकवला तसा गालावर. शरदिनी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. डोळ्यांखालचा खड्डा तिला दिसला. हाच खड्डा तिनं काचेवर किती जणींचा भरला होता. तिनं दिवा थोडा खाली घेतला. खड्डा उथळ झाला. आणखी खाली घेतला तर चेहराच सपाट झाला, म्हणून परत वर. पेन्सिलीनं जे पुसून टाकायचं ते इथं नुसतं सरकत होतं, परत येत होतं, आणि ती ते होताना बघू शकत होती. माणूस समोर बसलेला असताना. सुलटा.

"मी बोलू का?" मालविकानं विचारलं.

"बोल की."

"इथं किती छान ऊब आहे हो. आमच्या घरात ऊन येतं ते फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर पापड." ती मुंजीबद्दल बोलत राहिली, किती पाहुणे अजून गेलेले नाहीत, कुणाचं पांघरूण कुणाला दिलं, इंदूरच्या मावशींना इथला चहा कसा चालत नाही. हळूहळू शब्दांमधलं अंतर वाढलं. दिव्यांची बारीक गुणगुण खोलीत होती, दूरवर रिक्षांच्या घंटा होत्या. शरदिनीनं दिवा सरकवून मागं बघितलं, तर मालविकाची मान किंचित कलली होती आणि डोळे मिटले होते.

ती झोपली होती. ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, उजेडात.

शरदिनी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. बटण दाबावंसं तिला वाटलं नाही. झोपेत मालविकाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं. आधी कपाळ सैल झालं, मग ओठ. पडद्यावरचं तळं, चोच नसलेला हंस, पांढऱ्या छत्र्या, सगळं एका उबदार पाण्यात बुडाल्यासारखं स्तब्ध होतं. मामा चहाचे मातीचे कुल्हड घेऊन वर आले, दारातच थबकले.

"सो गई?" त्यांनी हातानं विचारलं.

शरदिनीनं ओठांवर बोट ठेवलं. मामांनी कुल्हड खाली ठेवले आणि उंबऱ्यावरच बसले. दोघं जण चहा पीत तिला बघत राहिले.

आणि बिजली गेली. दिव्यांतल्या तारा क्षणभर निखाऱ्यासारख्या लाल राहिल्या, मग त्याही विझल्या. खोली एकदम गार झाली. त्या गारठ्यानं मालविका दचकून जागी झाली.

"अगं बाई! फोटो झाला?"

"नाही."

"मग एवढा वेळ काय केलंत?"

"बघत होते," शरदिनी म्हणाली.

मालविकानं अंधारात पदर चाचपला. मग म्हणाली, "घोरत नव्हते ना मी?"

"थोडं," मामा उंबऱ्यावरून म्हणाले. "पण सुरात." मग शरदिनीला, "बघितलंस? हे असं होणार. रोज होणार. म्हणून म्हणतो, फ्लॅश ने."

तेवढ्यात बिजली आली. दिवे हळूहळू चढले, आणि मालविकानं त्या उजेडाकडं तोंड वर केलं, अजून हसत, डोळ्यांत झोप तशीच. शरदिनीनं बटण दाबलं.

त्या दिवशी कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल होता, तो मामांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या जुन्या काळोख्या खोलीत धुतला. निगेटिव्ह वाळत घातली तेव्हा शरदिनीनं तिच्याकडं बघितलं. पांढरे केस, काळं कपाळ. पेन्सिल घ्यावी असं तिला कुठं दिसलं नाही.

"दिवे नेते, मामा," ती म्हणाली.

"पोटाचं काय?"

"बघू."

"कुणी आलंच नाही तर?"

"तर मी बसेन समोर."

मामांनी मफलर सारखा केला. "एक सांगू? मला वाटलंच होतं. तरी सांगणं माझं काम." आणि त्यांनी फ्लॅश साडीवाल्याच्या सामानात ठेवून दिला.

मामा इंदूरला निघण्याआधी तिनं त्यांच्याकडून एक काम मात्र करून घेतलं. मातृभोजनाच्या एका फोटोची त्यांनी मोठ्या फिल्मवर निगेटिव्ह काढून दिली. तिच्या डेस्कवर पुन्हा एकदा काच पेटली. काळोख्या अर्ध्या बाजूत चौकातला उजेड अगदी पुसटसा उतरलेला होता. फ्लॅशचा नव्हे, धुक्यातून गळून आलेला. नीट बघितलं तर त्यात नथीचा ठिपका होता, काठाची रेघ होती. पेन्सिलीनं चेहरा काढता आला असता. तिनं तो काढला नाही. इथं बसून काढलेला चेहरा तिथला नसता. तिनं फक्त हात काढला. बांगड्या, बोटं, बोटांतला घास. मालविकाचा हात अंधारातून येत होता आणि सुश्रुत हसत होता. त्यावरून छापून घेतलेला फोटो तिनं रामघाटावर पाठवून दिला.

दिवे तिनं नावेनं नेले. गल्ल्यांतून ते स्टँड वळलेच नसते. दशाश्वमेधवरून नाव निघाली तेव्हा सकाळ होती आणि नदी अजून धुक्यात होती. घडी केलेल्या छत्र्या भिजू नयेत म्हणून तिनं त्या मांडीवर घेतल्या होत्या. एक मधेच आपोआप उघडली.

"बरखा त अबहीं दूर हौ, बहिनजी," नाववाला म्हणाला.

तिनं छत्री मिटली नाही. मणिकर्णिकेचा धूर मागं पडला, भोसले घाटाचा दगडी वाडा धुक्यातून वर आला आणि गेला, रामघाटावर कुणीतरी कळशी बुडवत होतं. पायऱ्या राखाडी होत्या आणि आभाळ पांढरं. काहीच उलटं नव्हतं.

मग पुढच्या खोलीत दिवे उभे राहिले, धूळ बसू नये म्हणून चादरी पांघरून. कुणी आलं नाही. दुपार येई, जाई. काशीनाथ शाळेतून आला की चादरींकडं बघून नमस्कार करी आणि म्हणे, "पाहुणे अजून आहेत वाटतं." पण माळ्याचं नाव त्यानं काढलं नाही. मामा इंदूरला गेले. मालविका एकदा येऊन आपला फोटो घेऊन गेली. पदराखाली धरून नेला तिनं. डोळ्यांखालचा खड्डा बघून म्हणाली, "हे राहू दिलंत?" आणि मग, "राहू दे."

शरदिनी दुपारी डेस्कशी न बसता दिव्यांशी बसू लागली. कधी एक लावी, आरशासमोर बसे, आपल्याच नाकाची सावली इकडून तिकडं नेई.

होळीच्या आधी एका दुपारी जिन्यावर काठी वाजली. प्रभावतीकाकू वर आल्या, धापा टाकत, आणि नव्या चंदेरी साडीत.

"पायऱ्या आहेत का डोंगर!" त्या म्हणाल्या. "तो हात तू काढलास ना? माझ्या सुनेचा?"

"हो, काकू."

"ओळखला मी. अंगठा वाकडा आहे तिचा, तोसुद्धा घातलास." त्या खोलीभर बघत राहिल्या. मग स्टूल दिसलं तशा जाऊन त्यावर बसल्या, काठी बाजूला ठेवली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "माझाही काढ एक. एकटीचा. नाहीतर मेल्यावर कुठून तरी कापून आणतील, कुणाची तरी वेणी चिकटलेली. सांगितलंय मी घरी, शरदिनीकडं जातेय म्हणून. विचारलं नाही, सांगितलं."

शरदिनीनं चादरी काढल्या. बटण दाबलं. छत्रीतला उजेड काकूंच्या पांढऱ्या केसांवर आला, मग कपाळावर, मग त्या सगळ्या सुरकुत्यांवर.

काकू श्वास रोखून, डोळे वटारून बसल्या होत्या.

"काकू, श्वास घ्या."

"हलले तर?"

"हला. मी आहे इथं."

"मग दाबणार कधी?"

"घाई नाही," शरदिनी म्हणाली, आणि स्टँड थोडा सरकवला.

काकूंनी श्वास सोडला. खांदे खाली आले. "गरम आहे हो छान," त्या म्हणाल्या, आणि त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण त्या बोलायला लागल्या.